गजू, डीपी जळाली

८ डिसेंबर, रात्री

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

पोळ्यापासून तुला पत्र नाही, फोन नाही. चिडला असशील तर चिड. आज लिहायला बसलो ते माफी मागायला नाही, भांडायला. नाल्याकाठची डीपी, आपल्या विहिरींवरच्या मोटरींना वीज देणारा तो ट्रान्सफॉर्मर, गुरुवारी रात्री जळाली, आणि पुण्यात बसून का होईना, त्यात तुझा हात आहे.

घरी सगळे बरे. बाबांचं बीपी गोळीवर आहे, माय ठणठणीत. झालं.

तर डीपी. तीच ती, ६३ केव्हीएची. आज चौथा दिवस. गव्हाला एकविसाव्या दिवसाचं पाणी हवं होतं ते शनिवारी. मुकुटमुळं फुटायच्या वेळी जमीन कोरडी राहिली की फुटवे कमी, आणि ते नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून येत नाही, हे तुला मी काय सांगू. हरभरा अजून आठ दिवस दम काढेल. काळी जमीन आहे, ओल धरून आहे. गहू नाही काढणार.

जळाली कशानं, याची गावात सहा कारणं आहेत. तेल कमी होतं, माल जुना होता, पिठगिरणीवाल्या काकाजींच्या मते तर ग्रहण. खरं कारण तुला आणि मलाच कळतं, म्हणून हे पत्र. जळाली ती ऑटोनं, लाईन आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या त्या डब्यानं. आणि या गावात पहिला ऑटो कोणी लावला होता? आमच्याच विहिरीवर, आमच्याच पेटीत, आणि वर म्हणाला होतास, "घे, आता झोप निवांत." आज त्या डीपीवर चौदा मोटरी आहेत आणि चौदाही ऑटोवर.

हिशोब बघ. पाच एचपीची मोटर चालू असताना साडेसात अँपिअर घेते. डायरेक्ट स्टार्टरवर सुटताना क्षणभर सहापट, म्हणजे ४५. चौदा मोटरी, सगळ्या पाचच्या धरून, एकदम सुटल्या की ६३०. आणि ६३ च्या डीपीची पूर्ण ताकद किती, तर एका फेजला ८४. रात्री बाराला लाईन येते, सगळ्या डब्यांतला डिले तोच ठरलेला दोन-पाच सेकंदांचा, की चौदा जणी एकाच वेळी उठतात. व्होल्टेज धाडकन बसतं. व्होल्टेज बसलं की मोटरीचा जोर नुसता तेवढाच कमी होत नाही, वर्गानं कमी होतो. ४१५ चे ३२० राहिले तर जोर साठ टक्क्यांच्याही खाली. मग मोटर वेग पकडत नाही, आणि वेग पकडत नाही तोवर ते सहापट अँपिअर घेतच राहते. एकमेकींचा गळा धरून उभ्या असतात सगळ्या. मोटरीची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर खडखड वाजतो, त्याचे पॉइंट जळतात. शेवटी डीपीवरचा फ्यूज जातो, आणि खरं तर तो जायलाच पाहिजे, त्यासाठीच तो आहे.

पण आपल्याकडे फ्यूज गेला की फ्यूजची तार कोण टाकतं? लाईनच्या तारेचे तीन पदर पिळून टाकतात. मी स्वतः पाहिलं, करंगळीएवढा पीळ होता. तो कशाला वितळतो? मग वितळते ती आतली वायंडिंग.

पूर्वी हे होत नव्हतं. का, सांगू? स्टार्टर बनवणाऱ्यानं विचार करून ठेवला होता. लाईन गेली की नो-व्होल्ट कॉइल सुटते, कॉन्टॅक्टर उघडतो, आणि कोणी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर परत लागत नाही. बटण दाबायला कोणी साडेबाराला जाई, कोणी एकला, तुझा मोठा भाऊ तर गजर बंद करून पहाटे चारला. गावाचा आळस हाच त्या डीपीचा फ्यूज होता. तू त्या हिरव्या बटणावर कायमचं बोट ठेवून दिलंस.

आता तू म्हणशील, याचं नेहमीचं सुरू झालं, नवीन काही आलं की याच्या पोटात दुखतं. नाही बाप्पा. डिसेंबरात रात्री बाराला ओल्या बांधावरून, सापकिरडं आणि रानडुकरांतून कोणी बटण दाबायला जावं असं मी म्हणत नाही. टिपेश्वर अभयारण्याकडच्या गावांत तर वाघाची धास्ती. ऑटो लागले ते त्यापायी, हे मला कळतं. दिवसा लाईन असती तर अर्धे डबे भंगारात गेले असते.

तुझ्याशी माझं भांडण यंत्राचं नाही, यंत्र आपल्या मनानं वागतं त्याचं आहे. मोटरसायकलचंच घे. (हो, किकचं भांडण मी सोडलेलं नाही.) तुझ्या पुतण्यानं नवीन गाडी घेतली. किक नाही, कार्बोरेटर नाही. ठीक आहे, २०२० पासून नियमच तसे आले, इंजेक्शनशिवाय बहुतेक गाड्या त्यात बसत नाहीत. पण त्या गाडीला साइड स्टँडचा सेन्सर आहे. आपल्याकडचा पावसाळ्यातला गारा तुला आठवतो ना, मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसला की चाक फिरत नाही तो. तो स्टँडच्या बिजागरीत बसून वाळला. स्टँड वर आहे, पण गाडीला वाटतं खाली आहे. गिअर टाकला की बंद. पोरानं दोन दिवस बॅटरीवर संशय घेतला, प्लग बदलला. मी काय केलं, तर बिजागरीवर पाणी मारलं, जुन्या दातब्रशनं सेन्सरचं तोंड साफ केलं, स्टँड दहा वेळा वर-खाली केला. झाली चालू. त्याला एवढंच शिकवून ठेवलं की चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद गुंईं असा आवाज आला पाहिजे. तो पेट्रोल पंपाचा. आला तर पुढं बघायचं, नाही आला तर आधी लाल किल-स्विच, मग फ्यूज, मग रिले, आणि मग मेकॅनिक. आणि टाकी रिझर्व्हवर घासत ठेवायची नाही, कारण तो पंप टाकीतल्या पेट्रोलातच बुडून थंड राहतो.

तुझी जुनी गाडी भाऊ वापरतात, तिचं वेगळंच. पेट्रोलात आता इथेनॉल वीस टक्के. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवली, झाकणाचं रबर गेलेलं असलं, की पाणी आणि इथेनॉल एक होऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटरला आधी तेच मिळतं. चालू होते, चार पावलं जाते, बंद. मी फ्लोट बाउलचा तळाचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत काढून दाखवलं, खाली स्पष्ट वेगळा थर. टाकी रिकामी करून वाळवली, जेट हवेनं फुंकला. भाऊ तारेनं टोचायला निघाले होते, हात धरला. जेटचं भोक तारेनं एकदा मोठं झालं की मायलेज गेलंच.

आणि तो लाईट! २०१७ च्या एप्रिलपासून नवीन दुचाकीचा दिवा बंदच होत नाही, त्याला बटणच नाही. इतकी वर्षं झाली. तरी फाट्यापासून गावापर्यंत सात माणसं हाताची बोटं उघडमीट करून दाखवतात, आठवा थांबवून सांगतो, "भाऊ, लाईट चालू हाय तुह्या गाडीचा." अंधारात बिनारिफ्लेक्टरची कपाशीची ट्रॉली रस्त्यात उभी असते, तिला मात्र कोणी काही सांगत नाही.

कुठं होतो? हां, डीपी. नवीन येईल, आज ना उद्या. ट्रॅक्टर तयार आहे, वर्गणी झाली आहे. पण ती ज्या रात्री चढेल, त्याच रात्री चौदा ऑटो तिच्यावर तुटून पडतील, आणि मग पुढची. माझी झोप त्यानं गेली आहे. ऑटो काढा म्हटलं तर कोणी काढणार नाही, मीही नाही.

म्हणून मी असं ठरवलंय. प्रत्येक पेटीत ऑन-डिले टायमर टाकायचा, कॉइलच्या वाटेत, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. पहिली मोटर लाईन आल्यावर साठ सेकंदांनी. त्याआधी नाही, कारण लाईन झटका देऊन लगेच परत आली तर पाइपातलं पाणी खाली उतरत असतं आणि पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असला की पंप उलटा फिरत असतो. तशात सुलट झटका दिला की शाफ्ट तरी जातो नाहीतर कपलिंग. मग दर वीस सेकंदांनी एक. मोटर दोन-तीन सेकंदांत वेगात येते, वीस पुष्कळ झाले. चौदावी लागेल ती ३२० सेकंदांनी, साडेपाच मिनिटंही नाहीत.

अडचण एक. टायमर बहुतेक २३० व्होल्टचे मिळतात आणि आपल्या कॉइल ४१५ वर, दोन फेजच्या. २३० साठी न्यूट्रल लागणार. नाल्यापलीकडच्या खांबांवरच्या न्यूट्रलवर तू भरवसा ठेवशील? तो तुटून लटकला की टायमर आधी मरेल. तेव्हा तिथल्या बाजारात ४१५ वर चालणारा, शून्य ते दहा मिनिटांचा टायमर बघ. चौदा नग, आणि दोन जास्तीचे. जुन्या ऑटोच्या डब्याला तो कुठं जोडायचा त्याचं चित्र तुझ्याच हातचं पाठव. त्यातल्या निम्म्या डब्यांत तारांचे रंग तू काय विचार करून जोडलेस ते देवाला आणि तुलाच ठाऊक. हिरवा फेजला कोण लावतं रे?

एवढ्यानं भागणार नाही हेही मला माहीत आहे. एकामागून एक सुटल्या तरी चौदा एकत्र चालणारच, चौदा गुणिले साडेसात, १०५ अँपिअर, आणि डीपी ८४ ची. म्हणून दुसरं काम कपॅसिटरचं. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा. प्रत्येक स्टार्टरबरोबर आला होता आणि प्रत्येकानं काढून कोपऱ्यात फेकला, "त्यानं बिल वाढते" म्हणून. कोणी सांगितलं कोण जाणे. तो लावला की मोटर साडेसाताच्या जागी सव्वासहाच्या आसपास घेते. चौदाचे होतात ८८ च्या आत. अजूनही वरचढच, पण शेपटाकडच्या दोन मोटरी तीनच्या आहेत, जमून जाईल. जुने कपॅसिटर तपासतोय, फुगलेले बाद. हात लावण्याआधी तिन्ही टोकं दोन-दोन करून बल्बला टेकवून रिकामे करायचे, हे पोट्ट्यांना दहादा सांगितलं.

मोटरीवर जास्त भार आला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले मी स्वतः फिरून पाचच्या मोटरींना साडेसातावर आणणार. सगळ्यांनी तो शेवटाला फिरवून ठेवलाय. मास्तरांच्या पेटीत तर कॉन्टॅक्टरमध्ये बाभळीची पाचर ठोकलेली निघाली. मास्तर!

सौर पंपाचं विचारशील, तर तिघांनी अर्ज भरलेत. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाचपर्यंत पाच. त्यांना मिळाले की या डीपीवरून तीन उतरतील. मिळाले की.

आता खरी गोम. काल पारावर नंबर लावायला बसलो. पहिला नंबर सगळ्यांना पाहिजे. पाच मिनिटांसाठी! "मी काहून मागं राहू?" हे चौदा तोंडांनी ऐकलं. त्यात नुसता हट्टच आहे असं नाही. नाल्याकाठच्या चार विहिरींचा झरा एकच, जो आधी उपसतो त्याला पाणी जास्त, असं ते म्हणतात. आठ तासांच्या उपशात पाच मिनिटांनी काय फरक पडतो, पण ते कोण ऐकणार. मी म्हटलं, नंबर चिठ्ठीनं नाही, अंतरानं. शेपटाला व्होल्टेज सगळ्यात कमी, त्यांना लाईन मोकळी असतानाच सुटू द्या. डीपीच्या जवळच्यांना कधीही सुटता येतं, त्यांनी मागं राहावं. मास्तरांना पटलं. (पाचरीमुळं त्यांचा आवाज जरा खाली होता.)

तुझं कसं चाललंय? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? पोरीची दहावी ना यंदा, तिला म्हणावं काकानं गणितात लक्ष घाल म्हटलंय. बदलीचं कळव. तुरी चांगल्या आहेत, संक्रांतीला डाळ पाठवतो.

टायमर संक्रांतीच्या आत पाहिजेत, हरभऱ्याचे घाटे भरायच्या आधी. पैसे वर्गणीतून देऊ, तू हात आखडू नको.

आणि एक फोन तुला तुझ्या भावाला करावा लागेल. डीपीला सगळ्यात जवळची विहीर तुमची, खांबापासून चाळीस पावलांवर. त्यांचा नंबर चौदावा आहे. मी सांगितलं तर ते माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलणार नाहीत. पहिला ऑटो तुझा, तर हेही तूच सांग.

तुझाच,
बाळ्या