ओ काइन यांच्या मास्तरकीला एकच ओळ?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला आयरिश भाषेत लिहिणारे कादंबरीकार मार्टिन ओ काइन यांच्यावरचा लेख वाचला. कादंबरीबद्दल भरभरून लिहिलंय, छानच आहे, पण शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाच्या मास्तरकीला फक्त ‘काही काळ शिक्षक होते’ एवढंच? कालपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

1936 ला आयआरए या बंदी घातलेल्या सशस्त्र संघटनेशी संबंध म्हणून चर्चने त्यांना आयर्लंडमधल्या गॉलवेजवळच्या शाळेतून काढलं. शाळेचा कारभारच पाद्र्यांकडे, मग दाद मागणार कुणाकडे? पुढे 1940 ते 1944 किल्डेअरच्या छावणीत खटल्याशिवाय डांबलं, तर तिथेही सोबतच्या कैद्यांना आयरिश शिकवत होते. हे लेखात नको का?

मला लागलं कारण मी स्वतः मराठी माध्यमात शिकवायचे. पट घसरला, संस्थेने तुकडी बंद केली, मी अतिरिक्त ठरले. चौथीचे पेपर तपासून गठ्ठा घेऊन सोमवारी गेले तर मस्टरवर माझ्या नावावर लाल रेघ, क्लार्क मान वर करेना. पेपर कुणाकडे द्यायचे तेही कुणी सांगितलं नाही हो, मुलं विचारत होती, बाई मार्क किती पडले! मग समायोजनाची वाट बघत घरी. ओ काइन यांच्याशी बरोबरी करत नाहीये, पण हातातला वर्ग गेला की काय होतं ते मला माहितीये.

आणि रा खार्न, ती आयरिश बोलणाऱ्यांची वसाहत? आयरिश बोलणाऱ्याच्या नशिबी खडकाळ जमीन नाहीतर बोटीचं तिकीट एवढंच का, म्हणून जी चळवळ झाली त्यात ओ काइन पुढे होते, 1935 ला पश्चिमेकडच्या कॉनेमाराची 27 कुटुंबं तिथे, मीथ परगण्यातल्या चांगल्या जमिनीवर वसली, आयरिशभाषक भाग म्हणून सरकारी मान्यता मात्र थेट 1967 ला. त्याचाही उल्लेख नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना प्रोफेसर केलं 1969 मध्ये, 1970 ला माणूस गेला.

जागा नव्हती म्हणाल तर त्याच अर्ध्या पानावर फ्लॅटची जाहिरात होती. भाषेचं पान पूर्वी अख्खं असायचं, ते परत अख्खं करा, आणि त्यांच्या शिकवण्यावर वेगळा लेख द्या. पत्र न कापता छापावं ही विनंती.

एक निवृत्त शिक्षिका, सातारा