स्वस्ताई मजुरीच्या मापाने मोजावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आशियातील महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. सिंगापूर आणि हाँगकाँग त्यांत बहुधा अग्रस्थानी असतात, भारतीय शहरे स्वस्त ठरतात आणि आपल्याकडे त्याचे समाधान मानले जाते. मात्र यांतील अनेक याद्या परदेशी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी केलेल्या असतात. भारतात डॉलर मोडून मिळणाऱ्या रुपयांत अमेरिकेतल्या तिपटीहून अधिक जिन्नस आणि सेवा मिळतात, हे जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या आकडेवारीवरूनही दिसते. तरीही ही स्वस्ताई येते कोठून, याचा विचार व्हायला हवा. न्हावी, शिंपी, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांची मजुरी तुटपुंजी आहे म्हणूनच त्यांच्या सेवा स्वस्त आहेत. पेट्रोल आणि निम्म्याहून अधिक आयात होणारे खाद्यतेल मात्र त्यांनाही जगाच्या बाजारभावानेच घ्यावे लागते.

सोलापूरच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात आणि त्यांना मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यांच्या दृष्टीने खरी तुलना एकच: लिटरभर तेलासाठी त्यांना किती विड्या वळाव्या लागतात आणि सिंगापूरच्या सफाई कामगाराला तेवढ्याच तेलासाठी किती वेळ राबावे लागते.

घराचा प्रश्न याहून मोठा आहे. सिंगापूर महाग असूनही तेथील सामान्य कुटुंब तग धरते, याचे एक मोठे कारण म्हणजे १९६० मध्ये स्थापन झालेले गृहनिर्माण मंडळ; तेथील तीन चतुर्थांशांहून अधिक रहिवासी या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात आणि भविष्य निर्वाह निधीतून हप्ते फेडू शकतात. संपन्न हाँगकाँगमध्ये मात्र अनेक गरीब कुटुंबे एका सदनिकेचे तुकडे पाडून केलेल्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. सोलापूरलाही या बाबतीत सांगण्यासारखे आहे, आणि सोलापूरकर म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो: कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची आहे, तर रे नगर या वसाहतीतील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. भाडे वाचलेल्या अशा घरात तीच मजुरी अधिक दिवस पुरते. शहरांच्या क्रमवारीत हे कोठेच दिसत नाही.

केंद्रीय श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक (रोजच्या जिन्नस व सेवांच्या भावांतील चढउतार दाखवणारा आकडा) काढतो, त्यात सोलापूर हे स्वतंत्र केंद्र आहे. तो आकडा आपण दरमहा विडी व यंत्रमाग कामगारांच्या प्रचलित मजुरीच्या शेजारी छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर