मास्टमधली फट

बजाजनगर, वाळूज

प्रिय दत्ता,

तुझा फोन आला तेव्हा मी गाडीवर होतो, म्हणून तुटक बोललो. धाकट्याला इकडं गोडाऊनला लाव म्हणालास. लावतो. पण दिवाळीला मी गावाकडं का आलो नाही, ते आधी ऐक.

आमच्या हेल्परच्या मधल्या बोटाची दोन पेरं गेली. फोर्कलिफ्ट मी चालवत होतो.

तीन टन माल उचलणारी डिझेल गाडी. वरच्या रॅकमधला मालाचा पॅलेट खाली आणताना प्लास्टिकची पट्टी साखळीत अडकली. मी थांबलो. पोरानं सरळ मास्टच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या उभ्या खांबांच्या, मधून हात घातला. इंजिन चालूच. खांबांच्या आडून मला त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. वाटलं, हात काढला. लिव्हर जराशी ढकलली. साखळी-पुलीचा हिशेब असा, की आतला खांब एक फूट उतरला की पॅलेट उचलणारे दात दोन फूट उतरतात. हात काढायला वेळ कुठला? पोरगं ओरडलंसुद्धा नाही. हातमोज्याचं एक बोट नुसतं लोंबत होतं.

सुपरवायझरनं टपरीवरून बर्फ आणून तुकडा त्यातच टाकला. डॉक्टर चिडले. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बांधायचा अन् ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. तसा तो चेंगरलाच होता म्हणा.

ठेकेदार म्हणाला, घरी लागलं असं लिहू. तिथं मात्र मी भांडलो. कामावरचा अपघात लिहिला तरच इएसआयकडून, म्हणजे सरकारी कामगार विम्याकडून, घरी बसल्या दिवसांचे पगाराच्या 90 टक्क्यांनी पैसे मिळतात, पुढं अपंगत्वाचेही. कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याला 30 टक्के, मधल्या बोटाच्या दोन पेरांना 9. पोरगं भजनात पखवाज वाजवायचं. त्याला तक्त्यात रकाना नाही.

धाकट्याचं मला भ्या वाटतं ते वेगळंच. ट्रॉलीवरचं सोयाबीनचं पोतं कलंडलं की आपला हात आपोआप जातो, लहानपणापासूनचं वळण आहे ते. इथं पॅलेट कलंडला तर कलंडू द्यायचा. माल फुटला तर शिव्या मी खाईन. अन् त्याच्या हातातलं कडं घरीच ठेवायला सांग.

आता कुणी पुढं आलं की मी चावी काढून खिशात घालतो. वेळ जातो म्हणून सुपरवायझर कुरकुरतो.

सोमवारी पाठव त्याला, आधार अन् पासबुक घेऊन. इएसआयचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घे म्हणावं. काकूंना हे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझाच,
बाळू