वसुबारसेच्या आधी

छत्रपती संभाजीनगर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि दादांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर मी चिऊला धुरी नको म्हणाले आणि तू एकदम गप्प झालीस. "तुला नाही का धुरी दिली मी? तू नाही का मोठी झालीस?" एवढंच बोललीस आणि फोन दादांच्या हातात दिलास. तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. चिऊ आत्ताच झोपलीय.

गेल्या महिन्यातल्या त्या रात्री तिचं नाक इतकं चोंदलं होतं की चार घोट घ्यायची, तोंड सोडायची आणि टाहो फोडायची. छातीशी धरलं की तिच्या नाकातली खरखर माझ्या अंगाला कळायची. पहिले काही महिने लेकरं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. नाक बुजलं की दूधही नको न् झोपही नको.

तिसऱ्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "बाळ झोपतं ती खोली कशी आहे, सांगा." इतक्या लहान वयात नाक चोंदतं ते बहुतेक वेळा साध्या सर्दीनं, असं त्या म्हणाल्या. परागकणांची ऍलर्जी तर दोन-तीन हंगाम अंगावरून गेल्याशिवाय सहसा दिसत नाही. पण घरातली धूळ, ओल न् धूर रात्रंदिवस नाकात जातात. त्यात घराण्यात ऍलर्जी असली तर जास्तच जपायचं. दादा, तुमच्या पहाटेच्या लागोपाठ शिंका न् माझे पावसाळ्यात खाजणारे डोळे, दोन्ही मी त्यांना सांगितलं.

आधी माझ्याच घरातली चूक सांगते. कपाटामागच्या भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरली होती आणि चिऊचा पाळणा त्याच भिंतीला टेकलेला. शिवाय रोज संध्याकाळी डासांची वेटोळ्याची कॉइल. तशा एका कॉइलमधून जेवढे बारीक कण निघतात, तेवढे 75 ते 137 सिगारेटींतून निघतात, असं 2003 च्या एका अभ्यासात मोजलंय. ते वाचलं आणि मला रडूच फुटलं. घरात कुणाला बिडी ओढू देत नाही आपण, आणि मी हातानं लेकराच्या उशाशी ती कॉइल लावत होते. आता मच्छरदाणी आणलीय, भिंत खरवडून कोरडी केलीय, पाळणा हलवलाय. नाकात डॉक्टरांनी दिलेल्या मिठाच्या पाण्याचे थेंब, बाकी काही नाही. पंधरा दिवसांत खरखर बरीच कमी झाली.

म्हणून आई, आता दिवाळीला येताना तुला हात जोडून सांगते, धुरी नको. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली या वस्तू वाईट नाहीत गं. पण गोवरीच्या निखाऱ्यावर टाकल्या की धूर तो धूरच, आणि चिऊची श्वासनळी केवढीशी! अंघोळीनंतर तिला कोरडं करून तुझ्या पदरात घे, तेवढी ऊब पुरे. नाकात तेलही नको. ते फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. टाळूला लाव, मालिश कर, तुझ्या हाताची मालिश मला इथं कोण करून देणार? आणि आई, गॅस येऊन एवढी वर्षं झाली, तरी भाकरी न् अंघोळीचं पाणी अजून तुराट्या-पऱ्हाट्यांवरच. तुझा पहाटेचा खोकला मला माजघरात झोपूनही ऐकू यायचा. चिऊच्या निमित्तानं का होईना, चूल अंगणात जाऊ दे.

दादा, आम्हाला माळवदाखालची खोली नको, पत्र्याची द्या. 1993 च्या भूकंपानंतर तुम्ही ती बांधलीत तेव्हा मला वाटायचं, उन्हाळ्यात भाजून निघू. पण माळवदाची पांढरी माती रात्रभर झडते. सकाळी गोधडीवर बोट ओढलं की रेघ उमटायची, आठवतं ना? आणि सोयाबीनची मळणी ऐन दिवाळीत येते. या वर्षी मशीन रानातच लावा, गुळीचा ढीग दारासमोर नको.

आजीच्या लुगड्यांची वाकळ चिऊच्या अंगावर घालायची, हे तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. माझ्याही आहे. पण जुन्या पांघरुणात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, पाव मिलिमीटर लांबीचे. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात, न् ओलसर हवेत वाढतात. त्यांच्या विष्ठेची ऍलर्जी असली की नाक गळतं. साठ अंशाच्या पाण्यात ते मरतात. वाकळ कढत पाण्यात धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाक. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास मात्र राहू देऊ नकोस, तो लहान लेकरांना बरा नाही.

दादा, तुम्ही विचारलंत, "गोठा हलवू का?" नका हलवू. अमेरिकेत आमिश लोक अजून जुन्या पद्धतीनं, घराशेजारी गोठा ठेवून शेती करतात, तर हटराइट लोक यंत्रांनी. 2016 मध्ये दोघांची तुलना छापून आली. आमिश मुलांमध्ये दमा न् ऍलर्जी कितीतरी कमी निघाली, आणि त्याचा संबंध गोठ्याजवळच्या घरांतल्या धुळीशी लागला. डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, गाय असू द्या, धूर घालवा. कपिलेला मी कधीच दोष दिला नव्हता, पण ऐकून किती हायसं वाटलं!

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीनं येतो. पूजेला चिऊला मीच कडेवर घेऊन गोठ्यात जाईन, वासराला हात लावू देईन. आई, निरांजन लाव, धूप तेवढा नको. वाकळ वाळली की फोन कर.

तुमची लेक,
सुमी