पायाच्या फुगलेल्या नसा आणि ‘विना ऑपरेशन’वाली पत्रकं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या पेपरच्या आत रोज एक तरी पत्रक येतं, व्हेरिकोज व्हेन्स कायमच्या बऱ्या, विना ऑपरेशन, विना दुखणं, फक्त रविवारी शिबिर. माझं कणकवली तालुक्यात मेडिकल स्टोअर आहे, त्यामुळे ही पत्रकं घेऊन लोक काउंटरवर येतात आणि विचारतात, हे खरं काय हो? म्हणून हे पत्र.

आपल्याकडे हा आजार घरोघरी. काजू फॅक्टरीतल्या बायका, मच्छीवाल्या काकी, एसटीतले कंडक्टर, आंब्याच्या सीझनला पेट्या भरणारे गडी, शाळेतल्या बाई, सगळे दिवसभर उभे. नसांत वर चढलेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून झडपा असतात, त्या सैल पडल्या की रक्त खाली साचतं आणि नस दोरीसारखी वर येते. सुरवातीला नुसतं जड वाटतं, संध्याकाळी घोटा सुजतो. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडते, खाज सुटते आणि शेवटी जखम होते जी महिनोन्महिने भरत नाही. ती जखम हळद लावून घरीच बसवणारे मी किती बघितलेत.

स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय पण सांगतो, मलम चोळून झडप दुरुस्त होत नाही. डायॉसमिनच्या गोळ्यांनी सूज आणि जडपणा थोडा कमी वाटतो, नस जात नाही. टाईट मोजे म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग खरंच आराम देतात, पण घोट्याचं आणि पोटरीचं माप घेऊन घ्यायचे, सकाळी उठल्या उठल्या पाय सुजायच्या आत चढवायचे आणि रात्री काढायचे. आता मे महिन्यात आपल्या दमटात ते कोण घालणार हा प्रश्न आहेच, बहुतेक मोजे कपाटातच जातात 😄 आणि डायबेटीसवाले किंवा बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी आधी पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा, तो कमी असला तर घट्ट मोजा उलट नुकसान करतो.

खरी गोष्ट ही की उपचार ठरवायच्या आधी पायाची डॉप्लर सोनोग्राफी पाहिजे. कुठली झडप गळतेय, आतली मोठी नस मोकळी आहे की तिच्यात रक्ताची गाठ आहे, हे त्यातच कळतं. जे शिबिरवाले पाय बघून थेट पॅकेज सांगतात त्यांच्यापासून चार हात लांबच बरं.

लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीत गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक वायर नसेत सरकवतात, आजूबाजूला भूल देतात आणि उष्णतेने नस आतून बंद करतात, पेशंट बहुतेक त्याच दिवशी चालत घरी. लोक विचारतात नस बंद केली तर रक्त जाणार कुठून? पायातलं बहुतेक रक्त मुळात खोलच्या नसांतूनच जातं, ही वरची नस बिघडलेलीच असते. ग्लू लावून बंद करायचा प्रकारही आहे, त्यात कमी टोचावं लागतं पण खर्च जास्त आणि क्वचित ॲलर्जी येते. फोमचं इंजेक्शन, म्हणजे फेसासारखं औषध नसेत सोडून ती बंद करायची, हे स्वस्त, मात्र नस परत उघडायची शक्यता जास्त, पुन्हा द्यावं लागू शकतं. जांघेत चिरा देऊन नस ओढून काढायचं जुनं ऑपरेशनही अजून बाद झालेलं नाही, नस फार वेडीवाकडी असली की वायर पुढे जात नाही तेव्हा कामाला येतं. कुठला उपचार कधी करावा हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने 2013 साली क्रम दिला तो असा, आधी उष्णतेचा उपचार, ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर ऑपरेशन. ‘कायमचं’ मात्र यातलं काहीच नाही, काही वर्षांनी दुसरी नस फुगू शकते. गरोदर बाईच्या पायावर नसा आल्या तर घाई नको, बाळंतपणानंतर बऱ्याचशा उतरतात.

आणि एक, फुगलेल्या नसेला लागून रक्ताची चिळकांडी उडाली की आपले लोक जखमेच्या वरच्या बाजूला फडकं आवळून बांधतात आणि पेशंटला बसवून ठेवतात. तसं नको. आडवं झोपवा, पाय वर उचला, जिथून रक्त येतंय तिथेच कापडाने दाबून धरा आणि मग दवाखाना. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर उद्यावर ढकलू नका, खोलच्या नसेत रक्ताची गाठ असू शकते.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी दोन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे तरी आमच्याकडचा पेशंट या दुखण्यासाठी गाडी करून गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठतो, मजुरी बुडते ती वेगळीच. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पायाच्या डॉप्लरचा ठेवावा आणि तो कुठला वार ते आपल्या पेपरात छापून यावं, एवढी मागणी आपण लावून धरावी ही विनंती.

आपला,
एक औषध दुकानदार, ता. कणकवली