सदोष विनंतीने प्रॉक्सी सर्व्हर बंद पडणे: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
प्रमुख, तांत्रिक साहाय्य विभाग

विषय: चंकचा आकार चुकीचा असलेल्या विनंतीने प्रॉक्सी बंद पडणे आणि त्यावर मिळालेला अपुरा पॅच

महोदय,

चुकीची रचलेली एक एचटीटीपी विनंती आली की आपल्या प्रॉक्सी सर्व्हरची (ग्राहक आणि मूळ सर्व्हर यांच्यामधल्या मध्यस्थाची) वर्कर प्रोसेस, म्हणजे विनंत्या हाताळणारी प्रोसेस, जागीच बंद पडते, अशी तक्रार आम्ही नोंदवली होती. त्यावर आपण पॅच (दुरुस्तीचा कोड) दिला आणि तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली. पॅच लावल्यावर प्रोसेस त्या विनंतीने पडत नाही हे खरे, पण मूळ दोष तसाच आहे. आधी तो निदान दिसत तरी होता. तक्रार पुन्हा उघडावी, अशी आमची मागणी आहे.

चंक पद्धतीने, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी, मजकूर पाठवताना प्रत्येक तुकड्याआधी त्याचा आकार षोडशमान अंकांत (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिलेला असतो. आपला पार्सर (विनंती वाचून तिचा अर्थ लावणारा भाग) तो आकार ६४ बिटांच्या चिन्हांकित (धन किंवा ऋण असू शकणाऱ्या) पूर्णांकात साठवतो. आकाराच्या जागी सोळा वेळा ‘एफ’ आले की त्याची किंमत उणे १ होते, आकार शून्याहून लहान नाही ना हे पाहणारे असर्शन (कोडमधली खात्रीची तपासणी) फसते आणि प्रोसेस सिग्नल ६ ने (अबॉर्ट) संपते. शेलमध्ये एक्झिट कोड १३४ दिसतो. त्या वर्करवर चालू असलेली सगळी कनेक्शन त्याच क्षणी तुटतात, म्हणजे एका विनंतीची शिक्षा इतर सर्वांना होते. प्रॉक्सीच्या पुढे लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारे उपकरण) असेल आणि फसलेली विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवण्याची सोय चालू असेल, तर तीच विनंती एकामागून एक सर्व सर्व्हर पाडत जाते. ‘मास्टर प्रोसेस वर्करला पुन्हा सुरू करते, त्यामुळे सेवा थांबत नाही’ हे आपले उत्तर म्हणूनच मान्य होण्यासारखे नाही.

आपल्या अभियंत्यांनी अ‍ॅक्सेस लॉगमधल्या शेवटच्या विनंतीवर ठपका ठेवला होता. ती विनंती निर्दोष आहे. लॉगमधली ओळ विनंती पूर्ण झाल्यावर लिहिली जाते. जिच्यामुळे प्रोसेस पडली तिची ओळ लिहायला प्रोसेस उरतच नाही. अशी विनंती शोधायची तर पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून गेलेल्या बाइटांची नोंद) किंवा कोअर फाइलमधला (पडलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतीतला) वाचन बफर पाहावा लागतो.

आता पॅचबद्दल. त्यात आकाराची किंमत काढून झाल्यावर ती उणे आहे का, एवढेच तपासले आहे. ही तपासणी उशिरा होते. सात आणि त्यापुढे पंधरा ‘एफ’ ही किंमत धन आहे, म्हणून ती सुटते. पुढच्या ओळीत चंकअखेरच्या सीआर-एलएफसाठी (ओळ संपल्याची खूण असलेल्या दोन बाइटांसाठी) त्यात २ मिळवले जातात आणि बेरीज मर्यादेबाहेर जाते. सी भाषेत चिन्हांकित पूर्णांकाच्या अशा ओव्हरफ्लोनंतर काय होईल याची हमी नसते.

याहून गंभीर प्रकार सतरा अंकांचा आहे. एक आणि त्यापुढे सोळा शून्ये असा आकार दिला की वरचा अंक गळून पडतो आणि किंमत शून्य होते. शून्य आकाराचा चंक म्हणजे मजकुराचा शेवट. पार्सर मजकूर संपला असे धरतो आणि मागून आलेले बाइट नवी विनंती म्हणून वाचतो. प्रॉक्सीच्या पुढे बसवलेले उपकरण तेच बाइट मजकूर समजून पुढे पाठवत असेल, तर तिथले प्रवेशाचे नियम या लपलेल्या विनंतीला लागूच होत नाहीत. हेच रिक्वेस्ट स्मगलिंग. प्रोसेस पडली तर निदान अलार्म वाजतो, इथे कुठेही काही वाजत नाही.

एचटीटीपी/१.१ चे मानक असलेल्या आरएफसी ९११२ (२०२२) च्या कलम ७.१ मध्ये याबाबत स्पष्ट बंधन आहे: खूप मोठे षोडशमान आकडे येतील असे धरूनच चालावे आणि रूपांतरातला ओव्हरफ्लो टाळावा. चंकच्या आकाराच्याच हाताळणीमुळे एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या १.३.९ ते १.४.० या आवृत्त्यांत स्टॅकवरील बफरचा ओव्हरफ्लो होता आणि २०१३ मध्ये १.४.१ ने तो दुरुस्त केला. म्हणजे हा धोका नवा नाही.

दुरुस्ती अंक वाचतानाच व्हायला हवी. पुढचा अंक घेण्याआधी, आतापर्यंतची किंमत कमाल मर्यादेच्या सोळाव्या भागाहून मोठी असेल तर तिथेच विनंती नाकारावी. शेवटी २ मिळवण्याआधीही बेरीज मर्यादेत राहील ना हे पाहावे. केवळ अंक मोजू नयेत, कारण आकाराच्या सुरुवातीला असलेली शून्ये नियमबाह्य नाहीत. मात्र शून्यांची रांग न संपणारी असू शकते, म्हणून ओळीच्या लांबीलाही मर्यादा हवी. नाकारल्यावर ४०० (सदोष विनंती) हे उत्तर द्यावे आणि कनेक्शन बंद करावे. उरलेले बाइट वाचून ‘पुढची’ विनंती शोधू नये. हेडर आणि काही मजकूर मूळ सर्व्हरकडे आधीच गेला असेल, तर तेही कनेक्शन बंद करावे, पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात) परत ठेवू नये. हा भाग सहज राहून जातो.

मूळ सर्व्हरच्या उत्तरात असा चंक आला तर ग्राहकाला ५०२ (मूळ सर्व्हरकडून सदोष उत्तर) द्यावे. उत्तराचे हेडर ग्राहकाकडे आधीच गेले असतील तर शेवटचा शून्य चंक न पाठवता कनेक्शन तोडावे, म्हणजे उत्तर अर्धवट असल्याचे समोरच्याला कळते.

पडताळणीसाठी नेटकॅट (दिलेले बाइट जसेच्या तसे पाठवणारे साधन) वापरावे. कर्ल किंवा ब्राउझर चंकचा आकार स्वतः लिहितात, त्यामुळे त्यांतून हा दोष दिसणार नाही. पोस्ट विनंतीची ओळ, होस्ट हेडर, ट्रान्सफर-एन्कोडिंग चंक्ड, रिकामी ओळ, मग सतरा अंकी आकार, पुन्हा रिकामी ओळ आणि शेवटी एक पूर्ण गेट विनंती असे एकाच वेळी पाठवावे. प्रत्येक ओळीअखेर १३ आणि १० हे दोन्ही बाइट हवेत. एकच ४०० येऊन कनेक्शन बंद व्हायला हवे. पॅच लावलेल्या आवृत्तीत दोन उत्तरे येतात.

आम्हाला हवे आहे ते असे: आम्ही वापरत असलेल्या आवृत्तीसाठी नवा पॅच, तिन्ही आकारांच्या चाचण्या कायमच्या चाचणीसंचात, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारे साधन) लावलेल्या बिल्डवर पार्सरचे फझिंग (मुद्दाम बिघडवलेल्या विनंत्यांचा मारा करून तपासणी), आणि आधीचा पॅच लावलेल्या सर्व ग्राहकांना लेखी सूचना. शेवटची मागणी सोडू नये, ही विनंती. तो पॅच लावलेले ग्राहक आज स्वतःला सुरक्षित समजत असतील.

सोबत बॅकट्रेस (पडतेवेळी कोणती फंक्शन चालू होती त्याची यादी) आणि विनंत्यांचे कॅप्चर जोडले आहे. आपण मागितलेली कोअर फाइल पाठवता येणार नाही. प्रोसेसच्या मेमरीत त्या वेळी असलेल्या इतर वापरकर्त्यांच्या कुकी आणि पासवर्डही तिच्यात येतात. तिच्यातून आणखी काही हवे असल्यास डीबगरच्या आज्ञा कळवाव्यात. त्या आम्ही चालवू आणि त्यांचे आउटपुट पाठवू.

आपले,
नेटवर्क व्यवस्थापन विभाग