टाच, गुडघा आणि दहा हजार पावलं

निशी-कासाई, टोकियो
रविवार सकाळ

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

दर रविवारी फोनवर बोलतो पण त्यातला अर्धा वेळ नातीला बघण्यात जातो आणि उरलेला आवाज येतोय का, दिसतंय का यात, म्हणून आज सावकाश लिहायला बसलोय. आई, मोबाइलवर एवढं वाचून तुझे डोळे दुखतील, छोटीला वाचून दाखवायला सांग. आम्ही तिघंही मजेत आहोत. हे आधीच लिहून टाकतो कारण पुढे पायाचं लिहायचंय आणि तिथे तू थांबशील.

पहिली गोष्ट, मी वाळलेलो नाही. गाल बसले, गाल बसले असं तू प्रत्येक कॉलला म्हणतेस, पण आठ महिन्यांत ९१ वरून ८३ वर आलोय, म्हणजे महिन्याला एक किलो, याला कोणी उपाशी राहणं म्हणत नाही. आणि यात तुझ्या सुनेचा काही दोष नाही, उलट तिनेच सगळं जमवून आणलं. भाकरी रोज आहे, इथल्या इंडियन दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. भात एक वाटी, उसळ, दोन उकडलेली अंडी, आणि टोफू म्हणून सोयाबीनच्या दुधाचं पनीर असतं ते तव्यावर परतून. तू पाठवलेले कंदी पेढे फ्रिजमधे आहेत, रविवारी एक खातो. टाकले नाहीत.

हे सगळं का करावं लागलं तेही सांगतो. मागच्या ऑक्टोबरात ऑफिसची तपासणी झाली. इथे चाळिशी झाली की कमरेला टेप लावतात, बरोबर बेंबीपाशी, २००८ पासून तसा नियमच आहे, पुरुषांची मर्यादा ८५ सेंटिमीटर आणि बायकांची ९०. त्याच्या वर गेलात आणि जोडीला साखर, बीपी, रक्तातली चरबी यातलं काही बिघडलेलं निघालं की आहाराची बाई समोर बसवून घेते आणि सहा महिन्यांत काय करणार ते लिहून घेते. माझी कंबर ९८ निघाली आणि साखर काठावर. अण्णा, तुम्हाला साखर निघाली तेव्हा तुम्ही ४३ चे होतात आणि मी आत्ता ४१ चा आहे. कागद हातात आल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही, एवढंच आठवत राहिलं.

म्हणून पळायला लागलो. आणि तिथेच चुकलो. नदीच्या बांधावर इथे मैलोनमैल सरळ रस्ता आहे, थंडीत हवा स्वच्छ असली तर लांब फुजी डोंगर पण दिसतो, असं वाटतं पळतच राहावं. तीन आठवड्यांत ३ किलोमीटरवरून १० वर गेलो. ९१ किलोचं शरीर, खुर्चीत पंधरा वर्षं बसलेलं, त्याला कोण असं जुंपतं? एके दिवशी सकाळी पलंगावरून उतरलो तर डाव्या टाचेच्या मागची शीर, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारी ती जाड दोरी, अशी आखडलेली की भिंत धरून संडासपर्यंत गेलो. नोव्हेंबरची गोष्ट आहे ही. तुम्हाला सांगितली नाही कारण छोटीला बघायला माणसं येणार होती आणि घरात उगाच दुसरा घोर नको होता. लपवलं नाही, फक्त सांगितलं नाही. हो, लिहितानाही मला कळतंय की त्यात फारसा फरक नाही.

शीर तुटलेली नाही, डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बघितलं. खर्चाची काळजी करू नका, बिलाचे तीस टक्के आपण भरतो, बाकी विमा भरतो. इथल्या डॉक्टरने पहिल्यांदा काय दिलं माहितीय, औषधाच्या पांढऱ्या चिकट पट्ट्या, गार लागतात आणि कापरासारखा वास येतो. इथली माणसं कंबर, मान, गुडघा कुठेही तीच लावतात. रात्री ती टाचेला लावून झोपलो आणि त्या वासाने एकदम तुझा आंबेहळदीचा लेप आठवला, पळीत गरम केलेला, वर एरंडाचं पान आणि जुन्या धोतराची पट्टी. त्या रात्री झोप लागली नाही, पण पायामुळे नाही.

पट्टीने दुखणं दबतं, शीर बरी होत नाही. तिला रक्त कमी मिळतं म्हणून ती सावकाश भरते, आणि नुसती विश्रांती दिली तरी बळकट होत नाही, तिच्यावर बेताबेताने भार द्यावा लागतो. फिजिओने एकच व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायावर हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन, गुडघा वाकवून पंधराचे तीन, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला १८०, बारा आठवडे. इथल्या घरांना दाराच्या आत बूट काढायला एक पायरी असते, मी तिथेच भिंतीला हात लावून उभा राहतो आणि तुमची नात खाली बसून मोजते. दहापर्यंत जपानीत, इची नी सान शी करत, आणि अकरा आलं की आपोआप मराठीत येते, अकरा बारा तेरा. तिला कोणी सांगितलेलं नाही.

आता सकाळच्या पार्कबद्दल, कारण आई तू विचारलंस की पहाटे कुठे जातोस, इतक्या थंडीत, आणि ती सगळी म्हातारी माणसं कोण. नीट सांगतो. इथे सकाळी साडेसहाला, म्हणजे तुमच्याकडे पहाटे तीनला, रेडिओवर व्यायाम लागतो. राजिओ ताइसो म्हणतात. पियानो वाजतो, एक माणूस सूचना देतो आणि अख्खा देश हात वर करतो. अख्खा म्हणजे खरंच, शाळेत सगळ्यांनी शिकलेला असतो त्यामुळे ऐंशीच्या आजीला आणि आठ वर्षांच्या पोराला तोच व्यायाम येतो, आधी हात वर, मग पाय आणि हात, मग बाजूला वाकणं, असे १३ प्रकार तीन-सव्वातीन मिनिटांत. आपल्या शाळेतली पंधरा ऑगस्टची कवायत डोळ्यासमोर आण, फक्त मास्तर नाही आणि शिट्टी नाही. १९२८ पासून चालू आहे, युद्धानंतर काही वर्षं बंद होतं, १९५१ ला पुन्हा नव्याने बसवलं. बिल्डिंगचं काम करणारे कामगार हेल्मेट घालून कामाआधी करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं गळ्यात कार्ड अडकवून येतात, रोजच्या हजेरीला शिक्का मिळतो. मला सुरुवातीला कळायचंच नाही, हे लोक आपल्या हास्यक्लबसारखे गप्पा मारत नाहीत, चहा नाही, वाढदिवसाचा वडापाव नाही, दहा मिनिटांत कार्यक्रम संपला की एकमेकांना वाकून घरी. मग येतात कशाला? तर येण्यासाठीच येतात. एखादा दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या दारापर्यंत जाऊन बघून येतं, हे मला तीन महिन्यांनी कळलं.

त्यात शेवटी शेवटी उड्या आहेत. मी उड्या मारत नाही म्हणून रेडिओ घेऊन येणाऱ्या आजी एक दिवस माझ्याजवळ आल्या, माझ्या टाचेकडे बोट केलं, मग पॅन्ट वर करून स्वतःच्या गुडघ्याचा पट्टा दाखवला आणि नुसत्या टाचा उचलून दाखवल्या, अशा कर म्हणून. वर म्हणाल्या, मुरी शिनाइदे. म्हणजे अंगावर जोर काढू नकोस.

आणि मी नेमका तोच काढला. सातव्या आठवड्यात दुखणं बरंच कमी झालं, वजन ८६ वर अडकलेलं, तीन आठवडे काटा हलेना, म्हणून एका रविवारी कोणाला न सांगता बांधावर जाऊन ५ किलोमीटर पळून आलो. दुसऱ्या दिवशी पाय जमिनीला लागेना. तुमची सून काही बोलली नाही, तिने फक्त बूट उचलून माळ्यावर ठेवले. पुन्हा पहिल्यापासून १८० चालू केले. तेव्हापासून पाण्यात चालतो, इथल्या सरकारी तलावात चालायची वेगळी लेन असते, पाण्यात अंगाचा भार पायावर कमी येतो. आणि खरं सांगतो, अडकलेलं वजन त्यानंतरच उतरलं, न पळता, ताटातलं सांभाळून. मी उगाच टाचेला वेठीला धरलं होतं.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं अण्णा, की छोटीने मला तुमच्या गुडघ्याचा फोटो पाठवलाय. तिला रागावू नका. मी इथून नोव्हेंबरपासून पाय लपवतोय आणि तुम्ही तिथून गुडघा. ते घड्याळ दिवाळीला मीच पाठवलं, रोज दहा हजार झाले की ते हातावर थरथरतं, आणि तुम्ही ते थरथरावं म्हणून सुजलेल्या गुडघ्याने अजिंक्यतारा चढताय आणि उतरताय. तुम्ही मला पहिल्यांदा किल्ल्यावर नेलंत तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मंगळाईच्या देवळापर्यंत तुमचं बोट सोडलं नव्हतं. आता तुमच्या बरोबर उतरायला मी तिथे नाही आणि वर तुम्हाला पळवणारी वस्तू माझ्याच हातून गेली, हे मला रोज पायरीवर उभं राहिलो की टोचतं. ते दहा हजार कुठल्या डॉक्टरने ठरवलेले नाहीत. १९६५ ला इथल्याच एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच दहा हजार पावलांचं यंत्र ठेवलं, तिथून तो आकडा जगभर गेला. ज्याचे पाय ठीक आहेत त्याने चालावं. तुम्ही सपाटीवर चाला, दुखलं की थांबा. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, तेव्हा किल्ला सध्या नको. घरी पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, पण आधी डॉक्टरांना विचारून. आई, तू मोज.

आता बाकीचं पटापट. दिवाळीला येत नाहीये. मला माहितीय मागच्या वर्षीपण हेच म्हणालो होतो, पण डिसेंबरात छोटीच्या लग्नाला तिघांची तिकिटं काढायची आहेत आणि येन इतका घसरलाय की इथला पगार तिथे पोचेपर्यंत कमी होतो. हॉलच्या उरलेल्या अ‍ॅडव्हान्सचे पैसे शुक्रवारी पाठवतो. दागिन्यांचं अण्णा तुम्ही एफडी मोडायचं म्हणत होतात, मोडू नका, सप्टेंबरपर्यंत मला वेळ द्या. छोटीला सांग, मुलाकडच्यांनी कितीही म्हटलं तरी तिची नोकरी पुण्यातच राहील हे आत्ताच बोलून घ्या, मी आल्यावर बोलू असं ठेवू नका, मी नेहमी आल्यावरच म्हणतो आणि मग राहून जातं. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला यंदा चुलत भावाबरोबर पळणार होतो, त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलंय, तो समजला. शेरवानीचं माप मी आल्यावरच देतो, शिंप्याला आधी कापड कापायला देऊ नका. कानपिळीला मी तिथे उभा असणार, आणि तोपर्यंत टाच बरी झालेली असेल.

अण्णा, गुडघ्याचा एक्स-रे लग्न झाल्यावर नको, याच आठवड्यात काढा. त्याचे पैसे वेगळे पाठवतोय, लग्नाच्या हिशोबात धरू नका. आणि फिल्मचा फोटो छोटीला टाकायला सांगा, तुम्ही टाकू नका, तुम्ही नुसतं सगळं ठीक आहे एवढंच लिहाल.

तुमचा
बाळू